सोसायटीत ओला कचरा जिरवायचाय? मशीन नंतर बघा, आधी पाचोळा जमवा

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हाला अ‍ॅड केलं आणि पहिल्याच आठवड्यात मेसेज पडला की पुढच्या महिन्यापासून ओला कचरा घंटागाडीत जाणार नाही, इथंच जिरवायचाय. किंवा त्याहून वाईट, तुम्हालाच कमिटीत घेतलं. माझं हे दुसरं झालं. एजीएमला मी अर्धा तास उशिरा पोचलो तोपर्यंत सेक्रेटरी ठरला होता, आणि तो मीच होतो.

पुण्यात धायरीच्या बाजूला आमची ९६ फ्लॅटची सोसायटी. सहा वर्षं झाली आता, पण त्यातलं पहिलं वर्ष अक्षरशः वासात गेलं. तळमजल्याच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठून जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम आपल्या गळ्यात का, असं वाटतं ना, मलाही वाटायचं. पुणे मनपाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २५ लाख होती, २०११ ला ३१ लाख. त्यानंतर २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं हद्दीत आली, मधल्या काळात आपल्यासारखे फ्लॅटवाले आले ते वेगळेच. कोथरूडला आज जिथं मेट्रोचा डेपो आहे ना, तिथं एकेकाळी शहराचा कचरा पडायचा. मग कोथरूडच शहराच्या मध्यात आलं आणि कचरा गेला उरुळी देवाची-फुरसुंगीला. तिथल्या लोकांनी विहिरी खराब झाल्या, वास सहन होत नाही म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आता तिकडेही इमारती उभ्या राहिल्यात. म्हणजे "गावाबाहेर" म्हणून टाकायला जागाच उरलेली नाही.

१. आधी कचरा मोजा, आणि पाण्याचं बिलही काढा

काटा घ्या. भंगारवाल्याकडचा असतो तसा टांगायचा चालेल. आठवडाभर रोज सगळ्या मजल्यांचा ओला कचरा वजन करा आणि वहीत लिहा. सोमवार वेगळा असतो, रविवार वेगळा असतो, चतुर्थीचा दिवस तर अजूनच वेगळा. आमचा सरासरी ४५ ते ५० किलो निघाला, म्हणजे घरामागे साधारण अर्धा किलो. मे महिन्यात हाच आकडा आंब्याच्या साली-कोयींनी कुठल्या कुठं जातो, ते पुढं सांगतो.

मोजायचं दुसरं कारण म्हणजे नियम. २०१६ च्या घनकचरा नियमात ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं. आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आलेत आणि त्यात मोठ्या प्रमाणावर कचरा करणारे कोण हे तीन प्रकारे ठरतं: बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, किंवा रोजचा कचरा १०० किलो किंवा जास्त, किंवा पाण्याचा वापर रोज ४०,००० लिटर किंवा जास्त. यातलं एक जरी लागू झालं तरी तुम्ही त्यात आलात, म्हणजे ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. इथंच लोक फसतात. आमचे चेअरमन म्हणाले, आपला सगळा मिळून कचरा १०० किलो होत नाही, आपण सुटलो. मी म्हटलं थांबा, पाणी बघू. ९६ घरं, घरात साडेतीन माणसं धरा, माणशी १३५ लिटर हा सरकारी हिशोब धरा, झाले की ४५ हजार लिटर. टँकरचे हिशोब काढले तर त्याहून जास्तच निघाले. तर कचऱ्यानं नाही, पाण्यानं अडकलो.

२. चार डबे

ओला, सुका, सॅनिटरी, आणि चौथा घातक म्हणजे ट्यूबलाइट, बॅटरी, जुनी औषधं, रंगाचे डबे वगैरे. पूर्वी तीन म्हणायचे, नव्या नियमात सॅनिटरी वेगळा केलाय, आणि तो खरं तर आधीपासूनच वेगळा हवा होता.

सगळ्यांना सांगून होत नाही, दाखवावं लागतं. आम्ही एका रविवारी पार्किंगमध्ये ताडपत्री टाकून एका मजल्याचा कचरा (कुठला मजला ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं) उघडून दाखवला. त्या दिवशी जेवढा फरक पडला तेवढा दहा नोटिसांनी पडला नव्हता.

घरात पाळायच्या गोष्टी, ज्या मला स्वतःला माहीत नव्हत्या:

- ओला कचरा पिशवीत बांधून देऊ नका. डबा थेट मोठ्या बकेटमध्ये उलटा करा. काळी पिशवी आली की समजा आत काहीतरी लपवलंय.
- दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका. अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीला लटकलेला राहू दे. पिशवी भंगारात विकली जाते, तो नखाएवढा तुकडा मात्र कोणीच वेचू शकत नाही, तो गटारात नाहीतर खतात जातो. खत चाळताना आम्हाला सगळ्यात जास्त काय सापडतं तर हेच.
- पिशवी विसळायला नळ सोडू नका. भाजी धुतलेलं पाणी पुरतं.
- सॅनिटरी पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेनं सुरू केलेली ही पद्धत आहे, साधी आहे, आणि ज्या बाईला तो कचरा हातानं वेगळा करावा लागतो तिला उघडायच्या आधीच कळतं.
- फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी, वर "काच" लिहा.

चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, शिळी पोळी, सगळं ओल्यात चालतं. लिंबू-संत्र्याच्या साली चालत नाहीत असं ग्रुपवर फिरतं, तसं काही नाही, फक्त थोड्या हळू कुजतात. नारळाची करवंटी आणि शहाळं मात्र टाकू नका, वर्षभर तसंच पडून राहतं. हाडं आम्ही घेत नाही, उंदीर होतात.

३. जागा शोधा

बिल्डरनं प्लॅनमध्ये गांडूळखताचा खड्डा दाखवलेला असतो, जाऊन बघा तिथं सध्या काय आहे. आमच्या खड्ड्यात उरलेल्या फरशा, दोन फुटके कमोड आणि कुणाची तरी सायकल होती. गांडुळं अर्थातच नव्हती.

आम्ही शेवटी कंपाउंडच्या भिंतीलगत चार हौद बांधले, प्रत्येकी ४ बाय ४ फूट, ३ फूट उंच, विटांमध्ये फटी ठेवून, म्हणजे हवा खेळते. त्या फटींना आतून बारीक जाळी, उंदरांसाठी. वर पत्र्याचं छप्पर आणि ते भरपूर पुढं आलेलं, कारण धायरीचा पाऊस आडवा येतो. एक हौद पंधरा दिवसांत भरतो. चौथा भरेपर्यंत पहिल्याला दीड महिना मिळतो आणि तेवढ्यात तो रिकामा करायच्या लायकीचा होतो. याच हिशोबानं चार. तीन बांधून पैसे वाचवू नका, पावसाळ्यात चौथाच कामाला येतो.

खाली जमीन थोडी उताराची करा आणि पाझरणारं काळं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला सोडा. पावसाच्या पाण्याच्या लाइनला सोडलंत तर ते ओढ्यातून थेट मुठेत जाणार.

४. पाचोळा, पाचोळा, पाचोळा

हे नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आमचं पहिलं वर्ष वासात का गेलं तर आम्ही हौदात फक्त कचरा टाकत होतो. कचरा नैसर्गिक आहे, कुजेल आपोआप, असं वाटायचं. कुजतो ना, पण सडून. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) जास्त, कर्ब (कार्बन) कमी. जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५-३० ला १ या प्रमाणात लागतं, आणि वाळक्या पानांत कर्ब भरपूर असतो. शिवाय पानांमुळं ढीग पोकळ राहतो, हवा जाते. हवा गेली नाही की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मग तो सडक्या अंड्याचा वास. काकूंचं काय चुकलं सांगा.

माप सोपं आहे: एक बकेट ओला कचरा, एक बकेट पाचोळा. वजनानं नाही, बकेटनं. पाचोळा हातानं चुरून टाकला तर अजून चांगलं.

आता गंमत अशी की कचरा रोज येतो आणि पाचोळा डिसेंबर ते मार्चच पडतो. जुलैत तुम्ही पाचोळा शोधायला निघालात तर मिळणार नाही. म्हणून डिसेंबरपासून साठवायचा. साठवायला लागलो त्या वर्षी आम्ही शेजारच्या तीन सोसायट्या आणि समोरच्या शाळेच्या मैदानावरून मिळून १४० पोती भरली. वॉचमन लोकांना आधी वाटलं सेक्रेटरीला वेड लागलंय. ते सगळे रोज सकाळी तोच पाचोळा गेटबाहेर ढीग करून पेटवायचे, थंडीत शेकायलाही बरा पडायचा. उघड्यावर कचरा जाळला तर ५००० रुपये दंड असं एनजीटीनं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादानं, २०१६ मध्येच सांगितलंय, पण दंडाची भीती कुणाला नव्हती. आम्ही पोत्यामागं दहा रुपये द्यायला लागलो तेव्हा जाळणं बंद झालं.

पोती कोरडी राहिली पाहिजेत. आम्ही जिन्याखाली ठेवली, फायरवाल्यांनी येऊन काढायला लावली, आणि त्यांचं बरोबरच होतं. वाळक्या पानांची शंभर पोती जिन्याखाली म्हणजे काय ते नंतर डोक्यात आलं. आता हौदांपलीकडं वेगळी शेड आहे, इमारतीपासून लांब, मीटर रूमपासून तर अजून लांब.

पाचोळा अगदीच संपला तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा लाकडाचा भुसा. भुसा प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. साध्या लाकडाच्या वखारीतला आणा.

५. मशीनवाला येईल तेव्हा

येणारच. चकचकीत ब्रोशर, "२४ तासांत खत". आम्ही पण घेतलं, कंपनीचं नाव नाही सांगत, चार लाखांच्या आसपास गेले. ते मशीन काय करतं तर कचरा तापवून वाळवतं आणि बारीक करतं. बाहेर तपकिरी भुकटी येते, कॉफीसारखा वास, सगळे खूश. ती भुकटी आम्ही कुंड्यांना घातली, पाऊस पडला, आणि कुंड्या तापल्या, बुरशी धरली, माझ्या मोगऱ्यासकट आठ-दहा झाडं गेली. कारण ती भुकटी म्हणजे खत नव्हतंच, वाळवलेला कचरा होता, पाणी लागल्यावर त्यानं कुजायला सुरुवात केली. वर लाइटबिल वेगळं. जिवाणूंना जे काम करायला महिना-दीड महिना लागतो ते एका दिवसात होत नाही, कितीही लाख द्या.

मशीन घ्यायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: बाहेर आलेला माल पुढं किती दिवस मुरवायचा? महिन्याला किती युनिट वीज? आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या दोन सोसायट्यांचे पत्ते द्या, आम्ही न सांगता जाऊन बघतो. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण पाणी मागतात.

६. रोजचं काम

सामान: वजनकाटा, झाकणाच्या मोठ्या बकेटा, फावडं, दाताळं, वाळू चाळायची चाळणी, रबरी हातमोजे, गमबूट, मास्क, आंबट ताकाला एक बादली. आणि वही.

सकाळी कचरा आला की आधी डोळ्यांखालून घालायचा, प्लॅस्टिक, चमचे (हो, स्टीलचे चमचे, आठवड्याला एखादा सापडतोच) बाहेर काढायचे. हौदाच्या तळाला वीतभर पाचोळा, मग कचऱ्याचा थर, मग पाचोळा. सगळ्यात वर कायम पाचोळाच दिसला पाहिजे, कचरा दिसता कामा नये. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत दोन-चार घमेली, नाहीतर शेण, किंवा आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडायचं. बाजारात कल्चरच्या, म्हणजे तयार जिवाणूंच्या पुड्या मिळतात, पहिल्या महिन्यात घ्या हवं तर, नंतर तुमचं स्वतःचं खतच विरजण.

आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करायचा. तीन-चार दिवसांत मध्ये हात घालवणार नाही इतका तापतो, ५५-६० अंशांपर्यंत जातो. थंडीत सकाळी वाफ निघते. ती वाफ बघून एका बाईंनी आग लागली म्हणून ग्रुपवर टाकलं होतं. वाफ दिसली म्हणजे आपलं जमलंय.

ओलावा बघायचा तर मूठभर घेऊन दाबा. बोटांतून पाणी गळलं तर जास्त, पाचोळा घाला. मूठ उघडल्यावर लाडू फुटला तर कमी, पाणी शिंपडा. लाडू वळला आणि पाणी गळालं नाही, बास.

७. बिघडलं तर

सडका वास: हवा नाही. खालीवर करा, पाचोळा वाढवा.
नाकात झोंबणारा वास: नत्र जास्त, पुन्हा पाचोळाच.
ढीग गारच राहतोय: कोरडा पडलाय नाहीतर माल फारच थोडा आहे.
चिलटं: वरून पाचोळ्याचा थर कमी पडलाय.

आणि अळ्या. पावसाळ्यात करड्या-पांढऱ्या जाड अळ्या दिसणार, शेकड्यांनी दिसणार, आणि कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकून "डेंग्यू" लिहिणार. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, खतात नाही. या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, त्या कचरा झपाट्यानं खातात, चावत नाहीत, घरात येत नाहीत. औषध मारू नका, अळ्यांबरोबर सगळं कामच मरेल.

मे महिना वेगळा सांगतो. आमच्याकडं कचरा जवळजवळ दीडपट होतो. आंब्याच्या सालीचं काही नाही, कोयी मात्र दोन-दोन फेऱ्या तशाच राहतात. चाळताना बाजूला काढायच्या आणि नव्या हौदात तळाला टाकायच्या, ढीग पोकळ ठेवायला उपयोगी पडतात. गणपतीत निर्माल्य भरपूर येतं. ते चांगलंच, फक्त हारांचे दोरे, जरी आणि थर्माकोल आधी काढा.

८. कचरा नेणाऱ्या ताईंना बाजूला सारू नका

हा मोठा सापळा आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढं "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, जी मनपाबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करते. तुमच्याकडं येणाऱ्या ताई बहुतेक त्याच्याच सभासद असतील. त्यांचं पोट दोन गोष्टींवर: घरटी मिळणारी फी आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे.

आमच्या कमिटीत एकजण म्हणाले, ओला इथंच जिरणार तर फी कशाला, आणि पुठ्ठा-बाटल्या आपणच विकू, सोसायटीला उत्पन्न. महिन्याला हजार-बाराशे मिळाले असते, ९६ घरांत. म्हणजे घरामागं तेरा रुपयेही नाही. मी तेव्हा सभेत फार काही बोललो नाही, पण खर्चाचा ताळा मांडून दाखवला. शेवटी ठरलं की हौदाचं काम ताईंनाच द्यायचं, फीच्या वेगळे पैसे ठरवून, आणि सुका माल पूर्वीसारखाच त्यांचा. हे आमचं सगळ्यात शहाणपणाचं काम. मूठ दाबून ओलावा बघायचं मला त्यांनीच शिकवलं, मी थर्मामीटर आणि मोबाइल घेऊन उभा होतो.

हाऊसकीपिंगच्या माणसाकडून फुकटात करून घेऊ म्हणाल तर दोन महिन्यांत माणूस बदलतो आणि नवीन माणसाला पाचोळा म्हणजे झाडून टाकायची गोष्ट वाटते.

९. मिळकतकराची सवलत

गांडूळखत किंवा खत प्रकल्प, सोलर, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक चालू असेल तर पुण्यात मिळकतकरात ५ टक्के सवलत आहे, दोन असतील तर १० टक्के. आम्ही फाईलला लावलेले कागद:

- सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज आणि सर्वसाधारण सभेचा ठराव
- सोसायटीच्या नोंदणीची प्रत
- भोगवटापत्र
- सगळ्या फ्लॅटच्या चालू कराच्या पावत्या (यातच तीन आठवडे गेले, अकरा जणांनी कर भरलाच नव्हता)
- हौदांचे फोटो, आणि कचऱ्याच्या वजनाची वही

क्षेत्रीय कार्यालयात जायच्या आधी तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर (मनपाच्या सफाई खात्याची चौकी) जाऊन आरोग्य निरीक्षकांना भेटा, ते पाहणीला येतात. वही खूप उपयोगी पडते, कारण फोटोसाठी एक दिवस हौद सजवता येतो, पण सहा महिन्यांच्या नोंदी एका रात्रीत लिहिलेल्या लगेच ओळखू येतात. सवलत मिळाल्यावर प्रकल्प बंद ठेवू नका, बंद सापडला तर सवलत जाते.

१०. खत झालं का, आणि त्याचं करायचं काय

दीड महिन्यानं हौद उघडा. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसात येतो तसा मातीचा वास. खात्री नसेल तर थोडं ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. मातीचाच वास आला तर तयार, आंबूस आला तर अजून पंधरा दिवस. मशीनच्या भुकटीला मी ही परीक्षा घ्यायला हवी होती, मोगरा वाचला असता.

महिन्याला दीड टन कचऱ्याचं आमचं अडीचशे ते तीनशे किलो खत होतं. सुरुवातीला कोणी घेईना, लोकांना वाटायचं आपलाच कचरा परत घरात कशाला. पहिली दोन घमेली तळमजल्याच्या त्याच काकूंनी नेली, कढीपत्त्याला. आता चाळायच्या आधीच पोत्यांवर नावं लागलेली असतात, शिवणे गावातले एक गृहस्थ अंजिरांसाठी घेऊन जातात. फक्त पोती परत आणून द्या हे सारखं सांगावं लागतं, कारण डिसेंबरात पाचोळ्याला तीच लागतात.